मान न वळवता

माझ्या रविवारच्या वर्गात येणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी कॅमेऱ्याबद्दल विचारतो. कुठला घ्यावा, लेन्स किती हव्यात, जुना चालेल का. मी सगळ्यांना एकच सांगते, आधी खुर्ची घ्या. कुरकुरणार नाही अशी, पाठ सरळ ठेवणारी आणि बिनहातांची. हाताच्या खुर्चीत माणूस बसला की त्याच्या चेहऱ्यावर अध्यक्षपण चढतं आणि मग तो काही केल्या उतरत नाही. यावर लोक हसतात. मी हसत नाही, त्यामुळे ते लवकर गप्प होतात.

पस्तीस वर्षं मी माणसांचे काळे-पांढरे फोटो काढते आहे. स्टुडिओ माझा, मागची डार्करूम माझी आणि नाकावरचा रागही माझाच. पाठीमागे मला काळीपांढरी बाई म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत. रंगीत फोटोत माणसाचा शर्ट आधी दिसतो. काळ्या-पांढऱ्यात चेहऱ्याला पळायला जागा राहत नाही.

भिंतीवर मी तीन नियम लिहून ठेवले आहेत. उजेड एकाच बाजूने घ्या. डोळे स्पष्ट हवेत, बाकीचं धूसर झालं तरी चालेल. तिसरा नियम डार्करूमचा आहे. फिल्मच्या पट्टीला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. प्रिंट काढताना चकचकीत बाजू वर आणि मंद बाजू खाली, कागदाकडे. उलटी लावली तरी फोटो येतो, पण डाव्याचं उजवं होतं, आरशात दिसतं तसं. ही नवशिक्याची चूक. पस्तीस वर्षांत मी ती एकदाही केलेली नाही आणि हे सांगायची एकही संधी सोडलेली नाही.

सलूनवाला आला तेव्हा वर्गाचे दोन रविवार होऊन गेले होते. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात कंगवा. लहानपणी चेंडू लागून त्याचं नाक एका बाजूला कललं होतं आणि त्याच बाजूची भुवई जरा वर होती. एका बाजूने पाहावं तर सतत काहीतरी विचारतो आहे असं वाटायचं आणि दुसऱ्या बाजूने पाहावं तर याला कशाचंच काही नाही असं. असे चेहरे मला आवडतात. दोन्हीकडे सारख्या असलेल्या चेहऱ्यात करण्यासारखं काही नसतं.

"मला माझा स्वतःचा एक चांगला फोटो हवाय," तो म्हणाला.

"मग स्टुडिओच्या वेळेत या. हा शिकायचा वर्ग आहे."

"तीन स्टुडिओ झाले, बाई. फोटो चांगले येतात, पण उपयोग होत नाही. म्हटलं, आता आपणच शिकावं."

फोटोचा उपयोग कसला होत नाही, ते त्याने बाकीचे चहाला गेल्यावर सांगितलं. त्याचे वडील, घरात त्यांना अण्णा म्हणत, हे त्याच सलूनचे जुने मालक. दोन वर्षांपासून त्यांची आठवण जात चालली होती. पण सगळी नाही. सुनेला ते ओळखत. दूधवाल्याला ओळखत. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना तर त्यांच्या भांगासकट ओळखत. ओळखत नव्हते ते फक्त मुलाला.

"मला गोळीवाले म्हणतात," तो म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ गोळ्या मी देतो ना. 'गोळीवाले, बसा. गोळीवाले, तुम्ही आता निघा, घरी वाट बघत असतील.' मी त्याच घरात राहतो, बाई."

"आवाजावरूनही नाही ओळखत?"

"दुकानात आम्ही फारसं बोलायचोच नाही. भुवई उडवली की मला कळायचं, पाणी गरम कर."

घरी नर्स यायची, तिने मोठे फोटो भिंतीवर लावायला सांगितले होते. याने बायकोचा लावला, स्वतःचा लावला. अण्णांनी सुनेच्या फोटोकडे पाहून मान डोलावली आणि याच्या फोटोसमोर उभं राहून विचारलं, "हा कुठला पाहुणा लावलाय?"

मग त्याने मला खरी गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या हातून एका गिऱ्हाइकाचा कान कापला गेला होता. थोडासाच. पण याने भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, अण्णांच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि त्यांना घरी पाठवलं. त्यानंतर अण्णा दुकानात आले नाहीत, आणि मग हे सुरू झालं.

"बायको म्हणते आजार आहे. असेल. पण आजारात पहिला मीच कसा विसरला गेलो? मला वाटतं ते अजून रागावलेत." तो कंगव्याच्या दात्यांवरून अंगठा फिरवत होता. "एकदा त्यांनी मला अरे म्हणायला हवं, बाई. एकदाच. मग पुन्हा विसरले तरी चालेल."

मी डॉक्टर नाही. लोकांच्या घरातली भांडणं सोडवायचा मला शौकही नाही. पण एखाद्याचा फोटो बघून त्याच्या बापाने तो ओळखू नये, हे मला फोटोचं अपयश वाटलं. फोटो चांगला असेल तर माणूस ओळखू येणारच, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि वर्गाला परत बोलावलं.

त्या दिवशीचा धडा मी त्याच्यावरच घेतला. खिडकी डाव्या हाताला, समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा, म्हणजे सावलीतला गाल अगदीच बुडत नाही. मागे काहीही नाही. "पहिला फोटो माणूस कॅमेऱ्याला देतो," मी वर्गाला सांगितलं. "क्लिक झालं की त्याला वाटतं सुटलो, श्वास सोडतो आणि चेहरा आपल्या घरी परत जातो. तुमचा फोटो तिथे आहे. दुसरा. पहिल्यासाठी फिल्म वाया घालवायची तयारी ठेवा." आमच्या वर्गात एक लेन्सवाले काका आहेत, त्यांच्याकडे सहा लेन्स आहेत आणि एकही बरा फोटो नाही. त्यांनी हे वहीत लिहून घेतलं.

दुसरा फोटो अप्रतिम आला. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कोणी सांगायला नाही. कललेलं नाक, वरची भुवई, डोळ्यांखालची थकलेली कातडी, सगळं जागच्या जागी. मी मोठी प्रिंट काढून दिली आणि पुढच्या रविवारची वाट पाहिली.

"अण्णा म्हणाले, फोटो झकास आहे, माणूस सभ्य दिसतो," सलूनवाल्याने सांगितलं. "मग विचारलं, कोण आहे?"

मी त्याला पुन्हा बसवलं. हसताना काढला. हातात कंगवा देऊन काढला. नर्सने सांगितलं म्हणून दाढी वाढलेली असताना काढला. अण्णांनी हसऱ्या फोटोला शाळामास्तर ठरवलं, कंगवावाल्याला "आपल्या धंद्यातला दिसतो, पण कंगवा धरता येत नाही" असं म्हणाले आणि दाढीवाल्याला दुकानात पाठवून द्यायला सांगितलं. खरं सांगते, मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. पस्तीस वर्षांत माझ्या फोटोला एवढं नम्रपणे कोणी नाकारलं नव्हतं.

म्हणून एका दुपारी मीच त्यांच्या घरी गेले.

दार सुनेने उघडलं. गोल चेहऱ्याची, कामसू बाई, बोलताना हातातलं फडकं खाली ठेवत नव्हती. घर नीटनेटकं होतं, पण काहीतरी चमत्कारिक वाटत होतं आणि ते काय हे कळायला मला थोडा वेळ लागला. कपाटाच्या आरशावर चादर टाचली होती. बेसिनच्या वर नुसते दोन स्क्रू होते आणि त्यांच्यामध्ये भिंतीचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा.

"आरसे काढावे लागले," सूनबाई म्हणाल्या. "त्यांना आरशात स्वतःची ओळख पटत नाही. वाटतं, कोणी परका म्हातारा घरात शिरलाय. एकदा तांब्या फेकून मारला. आमचे हे आता स्वतःची दाढीसुद्धा दुकानात जाऊन करतात."

अण्णा खिडकीजवळ बसले होते. स्वच्छ, बारीक, हाताची बोटं लांब. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि बोलता बोलता माझ्या मानेकडे पाहत राहिले.

"बाई, राग मानू नका, पण तुमचे मागचे केस कोणी कापले?"

"का?"

"डावीकडे अर्ध्या बोटाने वर गेलेत."

मीच कापले होते. मी माझी प्रिंट त्यांच्यापुढे धरली, तीच, पहिली. त्यांनी ती हातात घेतली, उजेडाकडे वळवली आणि मन लावून पाहिली. माझा फोटो इतका नीट फार थोड्या लोकांनी पाहिला असेल.

"चांगला माणूस आहे," ते म्हणाले. "पण मी याला कधी पाहिलं नाही."

तेवढ्यात सलूनवाला आतून पाणी आणि गोळ्या घेऊन आला. त्याचा चेहरा आणि त्याच्या चेहऱ्याचा फोटो, दोन्ही अण्णांसमोर एका हाताच्या अंतरावर होते. अण्णांनी दोन्हींकडे सारख्याच अदबीने पाहिलं. "या, गोळीवाले," ते म्हणाले. त्याने गोळ्या दिल्या. त्यांनी आभार मानले. मला वाईट वाटलं आणि मी लवकर निघाले.

मधल्या काळात त्याचं शिकणं चालू होतं आणि तो बरा शिकत होता. डोळा तयार होता, हात स्थिर होता, माणसांना बसतं कसं करायचं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. दुकानातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचे त्याने फोटो काढले. केस कापून झाले की खुर्ची खिडकीकडे वळवायची, दोनदा क्लिक करायचं आणि दुसरा ठेवायचा. मी त्याला डार्करूमची किल्ली दिली. अशी किल्ली मी लेन्सवाल्या काकांना अजून दिलेली नाही.

एका रविवारी त्याने पंधरा प्रिंट टेबलावर मांडल्या. मी पहिल्या चार पाहिल्या आणि खूष झाले. मग पाचव्या-सहाव्या फोटोत एका माणसाच्या शर्टाचा खिसा मला खुपला. खिसा उजव्या छातीवर होता. पुढच्याचाही उजवीकडे. त्याच्या पुढच्याचाही. पंधराच्या पंधरा माणसांचे खिसे उजवीकडे आणि सगळ्यांची घड्याळं उजव्या मनगटावर.

"हे काय आहे?" मी तिसऱ्या नियमावर बोट ठेवलं. "भिंतीवर काय लिहिलंय? एक चूक मी समजू शकते. पंधरा?"

तो गोंधळला. "मी आधी तुम्ही सांगता तसंच लावतो, बाई. चकचकीत वर. पण मग चेहरा खाली कागदावर पडतो तो चुकीचा वाटतो. भांग भलत्याच बाजूला. मग मी पट्टी उलटवतो आणि माणूस बरोबर येतो."

"बरोबर नाही येत, उलटा येतो!"

"पण वरच्या मास्तरांचा भांग या बाजूला आहे," तो हट्टाने म्हणाला. "तीस वर्षं मी पाडतोय."

मी त्याचा चांगला पाणउतारा केला. लेन्सवाले काका समाधानाने ऐकत होते. मग मी पंधराही निगेटिव्ह नियमाप्रमाणे लावून नव्या प्रिंट काढून दिल्या आणि त्याला सांगितलं की दुकानात या दाखवा आणि त्या फाडून टाका.

पुढच्या रविवारी त्याने दोन्ही गठ्ठे परत आणले. माझ्या सरळ प्रिंट पाहून गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली होती. एकाने विचारलं, माझं तोंड असं वाकडं आहे का? त्याच्या उलट्या प्रिंट मात्र सगळ्यांना हव्या होत्या. प्रत्येकजण म्हणाला होता, पहिल्यांदा मी माझ्यासारखा आलोय.

यात नवल काही नाही. माणूस स्वतःला जन्मभर आरशातच पाहतो. आपला फोटो आपल्याला परका वाटतो तो त्यामुळे, हे मला माहीत होतं आणि वर्गात मी ते सांगतेही. मी तोंड उघडलं ते हेच सांगायला. "गिऱ्हाईक आरशात बघतं, ते ठीक आहे," मी म्हणाले. "पण तुम्हाला का तसं बरोबर वाटावं? तुम्ही तर त्यांना बाहेरून बघता."

"मी कुठे बाहेरून बघतो?" तो म्हणाला. "मी मागे उभा असतो. चेहरा आरशातच दिसतो. दिवसभर आरशातच बघायचं, अण्णांची शिस्तच होती ती. हातात वस्तरा असताना मान वळवायची नाही. कोणी हाक मारली तरी नाही. बोलायचं तर आरशात बघून बोल."

मी हातातल्या प्रिंट खाली ठेवल्या.

"अण्णांची खुर्ची कुठे होती?"

"पहिली त्यांची. दुसरी माझी."

"आणि तुम्ही त्यांच्याकडे बघायचात ते?"

"आरशात."

"घरी?"

"घरी?" त्याने विचार केला. "दिवसभर शेजारी उभं राहिल्यावर घरी कोण कोणाचं तोंड बघतं, बाई? ते पेपरमागे, मी पंख्याखाली."

सांगता सांगता तोही थांबला. आम्ही दोघं डार्करूममध्ये गेलो. त्याच्या पहिल्या प्रिंटची फिल्म मी बाहेर काढली, ती माझी अप्रतिम, आणि लाल दिव्याखाली पट्टी हातात धरून उभी राहिले. पस्तीस वर्षांची सवय अशी की बोटं आपोआप चकचकीत बाजू वर करत होती. मी ती जबरदस्तीने उलटी लावली. चूक मुद्दाम करणं फार अवघड असतं हे मला तेव्हा कळलं.

कागद पाण्यासारख्या औषधात हलवत राहिलो आणि चेहरा वर आला. नाक भलत्या बाजूला कललं होतं, भुवई भलत्या बाजूला चढली होती. मला तो माणूस ओळखीचा वाटेना. सलूनवाला मात्र वाकून बघत होता.

"हा मी," तो म्हणाला.

प्रिंट वाळल्यावर तो थांबला नाही. मला सोबत घेऊनच घरी गेला. अण्णा खिडकीजवळच होते. त्याने फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरला.

अण्णांनी फोटोकडे पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. "थोरला आहे की आमचा!" ते म्हणाले. "सूनबाई, हे बघ, थोरल्याचा फोटो काढलाय कोणीतरी."

सूनबाई फडकं घेऊन दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"अण्णा," सलूनवाला म्हणाला.

अण्णांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "बघा, गोळीवाले," ते कौतुकाने म्हणाले. "हा माझा मुलगा. दुकानात असतो, माझ्या शेजारच्या खुर्चीला. हात हलका आहे, पण घाई करतो. तुम्ही भेटलात का कधी याला?"

"नाही," सलूनवाला म्हणाला.

"भेटा एकदा. चांगला आहे."

तो आत निघून गेला. नळ बराच वेळ चालू राहिला. माझा फोटो शेवटी ओळखला गेला होता आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. आधी बापाला मुलगा माहीत नव्हता. आता मुलगा होता, पण तो दुसराच कोणीतरी होता, आणि बापाने याला त्याची ओळखसुद्धा करून दिली होती.

मार्ग काढला तो सूनबाईंनी. "फोटो उलटा ओळखतात," त्या म्हणाल्या, "म्हणजे आरशातला ओळखतील की."

"आणि तांब्या फेकला तर?" सलूनवाल्याने आतून विचारलं.

"दुकानात तांब्या नाही."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. शटर अर्धं वर, आत दोन खुर्च्या आणि भिंतभर लांब एकच आरसा. अण्णांनी दारातून आत येताना उंबऱ्यापाशी पाय पुसले आणि नाकाने वास घेतला, साबणाचा आणि पावडरचा. सलूनवाल्याने त्यांना पहिल्या खुर्चीत बसवलं, पांढरं कापड गळ्याभोवती बांधलं आणि खुर्ची हळूच आरशाकडे वळवली. सूनबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

अण्णांनी आरशातल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. आम्ही वाट पाहत होतो ती त्यांच्या ओरडण्याची. पण ते ओरडले नाहीत. घरात घुसलेला परका म्हातारा ही एक गोष्ट आणि खुर्चीत कापड बांधून बसलेला परका म्हातारा ही दुसरी. तो गिऱ्हाईक होता. अण्णांनी त्याला किंचित मान लववून नमस्कार केला आणि त्यानेही केला.

मग त्यांची नजर वर गेली, खुर्चीच्या मागे उभ्या असलेल्या माणसावर. त्यांनी भुवई उडवली.

"अरे," अण्णा म्हणाले, "उशीर केलास."

सलूनवाल्याच्या हातातला कंगवा थांबला. "हो, अण्णा. झाला उशीर."

"पाणी गरम केलंस?"

"केलंय."

"मग सुरू कर. या आजोबांना किती वेळ ताटकळत ठेवणार?"

त्याने सुरू केलं. मी एक फोटो काढला. तो मला वर्गात दाखवता येणार नाही, कारण हात हलला आहे आणि आरशात एका कोपऱ्यात मीही आले आहे, तोंडावर कॅमेरा धरून. अण्णांनीही मला तिथे पाहिलं.

"त्या बाई कोण?"

"थांबल्यात, अण्णा."

"बसवून घे त्यांना नंतर. मागचे केस वाकडे आहेत."

कात्रीचा आवाज चालू राहिला. पांढऱ्या कापडावर पांढरे केस पडत होते. अण्णा मुलाच्या हाताकडे बघत होते, मध्येच भुवईने खूण करत होते, आणि तो न विचारता तिकडे कात्री नेत होता. केस झाल्यावर त्याने फेस लावला आणि वस्तरा उघडला.

"हळू," अण्णा म्हणाले. "म्हातारा माणूस आहे. कातडी सैल झालीय, ताणून धर. कानाला जप."

"हो."

"एकटेच आलेत?"

"नाही, अण्णा. मुलगा घेऊन आलाय."

"बरा आहे म्हणायचा मुलगा," अण्णा म्हणाले. थोडा वेळ ते वस्तऱ्याकडे बघत राहिले. "हा वस्तरा तुझ्याकडेच राहू दे. माझा हात हल्ली थरथरतो. त्या दिवशी घेतलास ते बरं केलंस. मी आधीच द्यायला हवा होता, पण तुझ्यासमोर कबूल करायला जड गेलं."

सलूनवाल्याचा चेहरा आरशात वेडावाकडा झाला. त्याने एक हात अण्णांच्या खांद्यावर ठेवला आणि खुर्चीला वळसा घालून पुढे यायला निघाला. बापाच्या समोर यायला, दुसरं काय.

"मान वळवू नकोस!" अण्णा ओरडले. "हातात काय आहे तुझ्या?"

तो जागच्या जागी थांबला. एक पाऊल पुढे पडलं होतं, ते त्याने मागे घेतलं आणि पुन्हा खुर्चीच्या मागे, आपल्या जागेवर उभा राहिला.

"वस्तरा, अण्णा."

"मग समोर बघ."

त्याने समोर बघितलं. पुढची सगळी दाढी, हनुवटीखालचीसुद्धा, त्याने मागे उभं राहूनच केली. त्याला खूप वेळ लागला.